गावाला पाणी पुरवणाऱ्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी वर्षभर ओल असते. ते फुटेल का? तक्रार कुणाकडे करायची?

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहायची राहून गेली, आणि तीच मला आधी कळायला हवी: ते पाणी स्वच्छ आहे की गढूळ?

माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या लहान तलावांवर गेली. आता निवृत्त आहे. मातीचं धरण झिरपतंच. मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाड भराव, आणि आत शिरलेलं पाणी सुखरूप बाहेर पडावं म्हणून पायथ्याशी दगड-वाळूचा निचरा, अशी त्याची रचनाच असते. त्यामुळे पायथा ओला दिसला की धरण गेलंच, असं समजू नका. उलट नेहमी झिरपणारं पाणी, तलाव भरलेला असताना, अचानक बंद झालं तर मला जास्त काळजी वाटेल, कारण निचरा तुंबला असेल तर पाणी भरावातच साठत राहतं.

गढूळ पाणी मात्र वाईट. त्याच्याबरोबर भरावाची माती बाहेर येत असते, म्हणजे आत कुठेतरी नळी तयार होते आहे. डोळ्यांनी नीट कळत नसेल तर एका पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसला तर थांबू नका, लगेच कळवा.

किती पाणी येतं यापेक्षा ते कशातून येतं आणि सोबत काय आणतं, हे महत्त्वाचं. पुण्याजवळच्या टेमघर धरणातून २०१६ च्या सुमारास सेकंदाला अडीच हजार लिटरच्या आसपास गळती होत होती. केवढा गाजावाजा झाला, तो योग्यच होता. पण ते दगडी बांधकामाचं धरण असल्यामुळे ते उभं राहिलं, आणि पुढे ग्राउटिंग करून, म्हणजे बांधकामातल्या पोकळ्यांत सिमेंटचं मिश्रण दाबाने भरून, व पाण्याकडच्या अंगाला अस्तर देऊन गळती बरीचशी आटोक्यात आणता आली. मातीच्या धरणाला एवढी सवड मिळत नाही. तिथे त्याच्या शंभराव्या भागाएवढी गळतीही, गढूळ असेल तर, पुरेशी आहे.

ओल नेमकी कुठे आहे, तेही पाहा. विमोचकाच्या, म्हणजे भरावातून जाणाऱ्या पाणी सोडायच्या नळाच्या रेषेत असेल तर जास्त गंभीर. माती आणि बांधकाम जिथे भेटतं तिथे मातीची दबाई, म्हणजे ठोकून घट्ट करणं, नीट होत नाही आणि पाणी तोच रस्ता धरतं. पानशेतला १२ जुलै १९६१ ला जे झालं त्याची सुरुवात विमोचकापासूनच झाली: काम अपुरं, दरवाजे पुरते बसलेले नाहीत, आणि वरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून रात्र काढली, तरी सकाळी धरण गेलं. त्या लोंढ्यापुढे खालच्या अंगाला ऐंशी वर्षं उभं असलेलं खडकवासला धरणही टिकलं नाही. म्हणून भरावाच्या माथ्यावर विमोचकाच्या वरच्या बाजूला खड्डा किंवा लांबट भेग दिसते का, ते बघत चला.

आता खेकडे. २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, २० च्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. राज्यभर हसं झालं. पण भरावात बीळ करणारे प्राणी खरोखरच घातक असतात, मग तो खेकडा असो, घूस असो की साळिंदर. म्हणूनच तर बिळं उकरून ओल्या मातीने ठासून बुजवणं हे देखभालीचं नेहमीचं काम आहे. खेकड्याचं नाव घेणं म्हणजे देखभाल झाली नाही याची कबुलीच. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीबद्दल आधी सांगितलेलंही होतं.

तुमच्या भरावावर बाभळी वाढल्या आहेत का? बहुतेक वाढल्या असतील. रोप असतानाच उपटायच्या असतात. मोठं झाड तोडलं की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयत्या वाटा मिळतात, त्यामुळे उत्साहाच्या भरात श्रमदान काढून झाडं तोडू नका, अभियंत्याला विचारून मुळांचंही बघा. आणि सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर, पोती, फळ्या किंवा मासेमारीची जाळी लावलेली दिसली तर आजच काढायला लावा. 'थोडं पाणी जास्त साठेल' म्हणून गावंच हे करतात. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की काही तासांत खेळ संपतो.

तक्रारीचं म्हणाल तर पाणीयोजना ग्रामपंचायतीची असली तरी धरण बहुधा तिचं नसतं, आणि इथेच सगळं अडकतं. पंप बिघडला तर गाव सरपंचाच्या दारात जातं. भरावाकडे कुणी फिरकत नाही. ढोबळमानाने १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचा तलाव जिल्हा परिषदेचा, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाचा, त्याहून मोठा जलसंपदा विभागाचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. गावतलाव बहुतेक याहून ठेंगणे, म्हणून कायद्याच्या बाहेर. फुटायला मात्र उंची आडवी येत नाही.

तेव्हा असं करा. पाझराचं पाणी एका ठिकाणी पाइपातून पाडा, बादली किती सेकंदांत भरते ते आठवड्यातून एकदा वहीत लिहा, शेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, तर ती वही आणि तारखेचे फोटो जोडून उपविभागीय अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना, आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सोबत माहितीच्या अधिकारात पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. तपासणी झालीच नसेल तर तेही उत्तरातून कळतं.

गढूळ पाणी, नवा झरा किंवा माथ्यावर खचणं दिसलं तर मात्र अर्ज वगैरे नंतर. आधी १०७७ वर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन, आणि नाल्याकाठच्या घरांना उठवा, रात्र असली तरी.