रोजच्या कामांना सारखा पासवर्ड मागतो, सुडोचा पासवर्ड बंद करू का?

तुम्ही म्हणताय की उबुंटू लिनक्सवर अर्डुइनोत (छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात) प्रोग्रॅम टाकताना, दुसरी हार्डडिस्क माउंट करताना (वापरासाठी जोडून घेताना) आणि अपडेट घेताना दिवसातून दहा वेळा पासवर्ड टाकावा लागतो, म्हणून सुडोअर्समध्ये ‘नोपासवर्ड ऑल’ (कुठल्याच कमांडला पासवर्ड नको) लिहायचा विचार आहे. सुडो म्हणजे ‘रूट’ या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने कमांड चालवणारं साधन, आणि सुडोअर्स म्हणजे ते कोणी कशासाठी वापरावं हे ठरवणारी फाइल. कृपा करून लिहू नका. मग तुमच्या लॉगिनखाली चालणारी कुठलीही स्क्रिप्ट न विचारता रूट होऊ शकते.

मुळात यातल्या बऱ्याच कामांना रूट लागतच नाही. अर्डुइनोचंच बघा. केबल जोडून त्या सिरीयल पोर्टची परवानगी तपासलीत, तर मालक रूट आणि ग्रुप ‘डायलआउट’ दिसेल. तुम्ही त्या ग्रुपात नाही, एवढंच अडलंय. यूजरमॉड या कमांडने स्वतःला त्यात घाला, पण मोठ्या (कॅपिटल) ‘जी’ पर्यायाच्या आधी छोटा ‘ए’ द्यायला विसरू नका. तो राहिला तर बाकीच्या जादा ग्रुपांमधून तुमचं नाव निघतं, सुडो ग्रुपातूनसुद्धा! नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा.

डिस्कसाठी एफएसटॅबमधल्या (कुठली डिस्क कशी माउंट करायची ते लिहिलेल्या फाइलीतल्या) तिच्या ओळीत ‘यूजर’ हा पर्याय घाला, मग साध्या यूजरलाही ती माउंट करता येते. अपडेटचा पासवर्ड मात्र राहू द्या. उबुंटूत एकदा दिला की त्याच टर्मिनलमध्ये 15 मिनिटं परत विचारत नाही. पॅकेज बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ कमांडला पासवर्डमधून सरसकट सूट देणं म्हणजे सगळंच उघडं टाकणं, कारण पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालतात.

एखाद्या कमांडला सूट द्यायचीच असेल, तर तिचा पूर्ण पाथ लिहा आणि पुढचे पर्यायही नेमके लिहा. ती तुमची स्वतःची स्क्रिप्ट असेल तर होम फोल्डरमध्ये ठेवू नका. फाइल आणि फोल्डर दोन्ही रूटच्या मालकीची हवीत. ही ओळ सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. फाइलीच्या नावात टिंब असेल तर सुडो ती वाचतच नाही, यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

आणि सुडोअर्समधले हे बदल ‘व्हिसुडो’ या खास कमांडमधूनच करा. मी एकदा साध्या एडिटरने सुडोअर्स फाइल उघडली, एक स्वल्पविराम चुकला आणि सुडोच चालेना. रूट म्हणून कमांड चालवणारं दुसरं साधन ‘पीकेएक्झेक’ हे पॉलकिट या वेगळ्या परवानगी-व्यवस्थेमार्फत चालतं, सुडोअर्स वाचत नाही, म्हणून त्यातून व्हिसुडो उघडून चूक सुधारता आली. व्हिसुडो अशी चूक सेव्ह करण्याआधीच पकडतो आणि ‘व्हॉट नाऊ?’ विचारतो. तिथे ‘ई’ दाबलंत की परत फाइलीत जाता.