वाचकांचे प्रश्न : बेताच्या पैशांत गेमिंगचा संगणक

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. खेळांसाठी आणि कॉलेजच्या कामासाठी त्याला संगणक जुळवून घ्यायचा आहे. घरी १९२० × १०८० चा मॉनिटर आहे. तो सोडून ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. ओळखीच्या दुकानदाराने ‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, लायटिंगचे कॅबिनेट’ असे कोटेशन ४२,००० रुपयांत दिले आहे. मुलगा म्हणतो की हे अजिबात घेऊ नका. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मुलाचे ऐकावे. कोटेशनमध्ये एकाही भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक नाही आणि तेवढ्यावरूनच ते परत करता येते. ‘आय-सेव्हन’ हे नाव इंटेल २००८ पासून वापरत आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून प्रोसेसर किती जुना आहे हे कळत नाही. ते पुढच्या आकड्यांवरून कळते. आय-सेव्हन ३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा प्रोसेसर आहे, तर आय-थ्री १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री त्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे ग्राह्य धरते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. व्हॅलोरंटसारखा खेळ तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणकातील सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे जुना प्रोसेसर घेतला तर खेळ मंद चालण्याचा प्रश्न पुढचा, आधी तो सुरू होईल का हीच शंका राहते.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ या शब्दांत तर याहून मोठी फसगत दडलेली असते. ४ जीबी ही कार्डावरील मेमरीची साठवण आहे, वेग नव्हे. अशा तयार संचांमध्ये पुष्कळदा जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड बसवलेले असते आणि त्याच्या ४ जीबीच्या आवृत्त्यांवर बहुधा संथ डीडीआर३ मेमरी असते. आजचे मोठे खेळ त्यावर चालणार नाहीत. दुकानदार मुद्दाम फसवत आहे असे मी म्हणत नाही, पण मुलाच्या पदरी निराशाच येईल.

आता ६०,००० रुपये कसे वाटावेत ते सांगतो. सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण किती ताकदीचे कार्ड लागेल हे पडदा ठरवतो. आपल्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू आहेत; २५६० × १४४० च्या पडद्यावर जवळजवळ ३६ लाख ८६ हजार असतात. तेवढे जास्त बिंदू दर सेकंदाला साठ वेळा रंगवायचे तर कार्डही तितकेच महाग लागते. आपल्याकडे तो प्रश्न नसल्यामुळे एकूण रकमेच्या ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डावर ठेवले तरी पुरे. या पडद्यासाठी एएमडीचे आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड मी पहिल्यांदा सुचवेन. ते २०२१ चे असले तरी केवळ १३२ वॅट घेते आणि बहुतेक खेळ चांगल्या दर्जात चालवते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० खेळांमध्ये त्याच्यापेक्षा मागे पडते. मात्र मुलाला पुढे ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करायचे असेल तर एनव्हिडियाचे कार्ड अधिक उपयोगी पडते, हे ध्यानात ठेवावे. ३०५० घेताना पेटीवरचा मेमरीचा आकडा जरूर वाचावा, कारण या एकाच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात आणि ६ जीबीच्या कार्डात मेमरीच नव्हे, तर मूळ चिपची ताकदही कमी केलेली आहे.

प्रोसेसरसाठी एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ यांपैकी जो आपल्या मदरबोर्डासह स्वस्त पडेल तो घ्यावा. दोन्ही सहा कोअरचे असून खेळांत जवळपास बरोबरीचे आहेत. त्यांच्यावर वाद घालण्यात मुलांचे दिवसच्या दिवस जातात, तेवढा फरक त्यांत नाही. नावापुढच्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही असा आहे, रायझन ५६०० मध्येही ते नाही. म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहील. ती कार्डालाच लावावी.

रॅम १६ जीबी घ्यावी, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे मेमरीकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा वापरल्या जातात आणि कित्येक खेळांत त्याचा फरक दिसतो. जोडणी झाल्यावर बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची सोय, चालू करावे, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले आहेत, कारण कारखान्यांचे उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले आहे. त्यामुळे महिन्यापूर्वीचे कोटेशन ग्राह्य धरू नये आणि घरातील जुन्या संगणकात डीडीआर४ ची रॅम असेल तर ती नव्या मदरबोर्डावर चालते का हे आधी पाहावे. साठवणुकीसाठी हार्ड डिस्क नको, तिच्याहून कितीतरी वेगवान अशी एनव्हीएमई एसएसडीच घ्यावी. काही खेळ एकटेच १०० जीबीहून अधिक जागा घेतात, म्हणून शक्य झाल्यास १ टीबी, नाहीतर ५०० जीबी घेऊन पुढे वाढवावी.

पैसे वाचवायचेच असतील तर कॅबिनेटच्या दिव्यांवर वाचवावेत, एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर) कधीही नाही. माझ्या पहिल्या संगणकात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. आठ महिन्यांनी तो जळाला आणि त्याच्याबरोबर मदरबोर्डही गेला. त्याच्या पत्र्यावर ‘४५० वॅट’ छापले होते, पण तेवढा भार पेलण्याची त्याची कुवत नव्हती. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्का असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस आपल्याला पुरून उरेल. अर्थात हा शिक्का विजेची किती बचत होते एवढेच सांगतो, भागांच्या दर्जाची हमी देत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटी किती वर्षांची आहे हेही पाहावे.

प्रश्न : मी चंद्रपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. आता माझ्याकडे ३५,००० रुपये आहेत. सध्या ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेऊन वर्षभराने कार्ड घालावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का?
— एक विद्यार्थी वाचक

उत्तर : आपण सध्या कोणते खेळ खेळता, यावर हे अवलंबून आहे. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ ५६००जी वर उत्तम चालतात. प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेते. त्यामुळे येथे रॅमच्या दोन पट्ट्या ही चैन नसून गरज आहे.

परंतु नावातील साम्यामुळे ५६००जी म्हणजे ‘५६०० अधिक ग्राफिक्स’ असा समज पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी. ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गाने प्रोसेसरशी जोडले जाते त्या पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० आवृत्तीवर ५६०० चालतो, ५६००जी ३.० वर. वर्षभराने आपण चांगले कार्ड घातल्यावरही हा फरक राहणारच. त्यातही आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड स्वस्त आहे म्हणून घेतले तर नुकसान अधिक होईल, कारण त्या कार्डाला या मार्गाच्या केवळ चार लेन (मार्गिका) आहेत आणि ३.० वर त्यांचा वेग निम्मा होतो.

वर्षभरात कार्डाचे पैसे नक्की जमणार असतील, तर दोन-तीन महिने थांबून ५६०० आणि जुन्या बाजारातले एखादे कार्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पैसे कधी जमतील याचा भरवसाच नसेल, तर मात्र ५६००जी घेऊन आजपासून खेळावे आणि शिकावे. त्यात कमीपणा काही नाही. तिसरी वाट एएम५ सॉकेटवरील (मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या नव्या खाचेवरील) ८६००जी या प्रोसेसरची आहे. तिचा खर्च अधिक, कारण हा सॉकेट फक्त डीडीआर५ रॅम घेतो. पण एएमडीने या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे जाहीर केले असल्यामुळे तोच मदरबोर्ड ठेवून पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल. आपल्या ३५,००० मध्ये हे सगळे बसवणे मला तरी अवघड दिसते.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर जुनी ग्राफिक्स कार्डे निम्म्या किमतीत सांगतात. ती मायनिंगमधली असतात म्हणून घेऊ नयेत, असे मित्र म्हणतात. आपले मत काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावर ते ‘खणण्याचा’, म्हणजे कार्डे रात्रंदिवस गणिते करायला लावून चलन मिळवण्याचा, मायनिंगचा उद्योग एका दिवसात थांबला. त्यानंतर असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. केवळ मायनिंगमध्ये वापरले म्हणून कार्ड निकामी होत नाही. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि सतत तापल्याने मेमरीच्या चिपांवर ताण आलेला असतो. हे तिन्ही तपासता येते, पण त्यासाठी दुकानदाराने कार्ड आपल्यासमोर किमान अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दाखवले पाहिजे. तापमान कोठे स्थिरावते, पंखे खरखरतात का आणि पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेषा उमटतात का, हे त्या वेळात पाहावे. तयारी नसेल तर पुढचे दुकान गाठावे; ग्रँट रोड स्थानकापासून त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही. मूळ जीएसटी बिल मिळत असेल आणि कंपनी दुसऱ्या मालकाला वॉरंटी देत असेल, तर थोडे अधिक पैसे देणे योग्य ठरते.

प्रश्न : जळगावच्या उन्हाळ्यात आणि वीज सारखी जात असताना असा संगणक टिकेल का? घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : टिकेल. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काच नसावी, जाळी असावी आणि पुढून हवा आत घेणारे दोन व मागून बाहेर टाकणारा एक असे पंखे असावेत. खोलीतच ४२ अंश असतील तर आतील भाग त्याहून गरम राहणारच, म्हणून दर महिन्याला जाळीवरची धूळ झाडावी.

६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार घेतात. वर सुचवलेल्या संचात कार्डाचे १३२ वॅट, प्रोसेसरचे साधारण ७५ आणि मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर यांचे मिळून आणखी ६० ते ८० वॅट धरले, तर खेळताना भार २७० ते २९० वॅटपर्यंत जातो. चार-पाच वर्षांच्या बॅटरीवर एवढा भार काही क्षणच टिकेल. खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरताच त्याचा भरवसा धरावा. काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. म्हणून खेळ चालू नसताना एकदा मुख्य स्विच बंद करून पाहावे. त्याआधी वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनेचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे मीटरने मोजून घ्यावे. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच नसते.