हे २२.७ टक्के आले कुठून?

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या आणि त्यांच्या जाऊबाई थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू करून नाशिक-पुण्यातल्या दुकानांना देतात. वर्षाची विक्री ४८ लाख. आता सातपूरला गाळा भाड्याने घेऊन रोस्टर (भाजायचं यंत्र), पल्वरायझर (दळायचं यंत्र) आणि पॅकिंगचं मशीन बसवायचंय. खर्च २० लाख. विचारलंय एवढंच, की ११ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढू की ७ टक्क्यांची एफडी मोडू? सोबत सल्लागाराने करून दिलेली पाच वर्षांची एक्सेल शीट, मागच्या तीन वर्षांची विक्री आणि एका विमा पॉलिसीचा कागद जोडलाय.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. ११ टक्के भरून ७ टक्के कमावत बसण्यात तोटाच आहे, म्हणजे नुसत्या हिशेबाने एफडी मोडणं स्वस्त. पण घरात दुसरी पुंजी नाही असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा एफडीला हात लावू नका. आणि कर्जही आत्ता काढू नका. का, ते शीटमध्येच आहे.

गृहीतकांच्या पानावर विक्रीवाढ दरवर्षी २२.७ टक्के धरलीय. माणूस अंदाज बांधतो तेव्हा २० म्हणतो, फार तर २५ म्हणतो. २२.७ कोण म्हणतं? शेवटचं पान उघडलं आणि उलगडा झाला. डीएससीआर, म्हणजे कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते गुणोत्तर, सरासरी बरोब्बर १.५० आलंय. बँकांना साधारण तेवढंच बघायचं असतं. एक्सेलमध्ये 'गोल सीक' नावाची सोय आहे. हवं ते उत्तर आधी सांगायचं, त्यासाठी गृहीतक काय लागेल ते ती शोधून देते. इथे तेच झालंय, याबद्दल मला फारशी शंका नाही. कर्जाच्या फायली करणारे हे सर्रास करतात. फाइल बँकेसाठी होती, पण तिला भविष्य समजून बसलात तुम्ही.

२०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडन कार्यालयातल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. तिथलं जोखमीचं मॉडेल एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करून चालत होतं आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागलं होतं, असं बँकेच्याच अहवालात आलं. तुमच्या शीटमध्ये तसली चूक नाही. सूत्रं चोख आहेत. म्हणूनच ती पटते.

आता तुमचे खरे आकडे. तीन वर्षांची विक्री ४१, ४५, ४८ लाख. वाढ दहा टक्के, मग सात. आपण आठ धरू. शीटप्रमाणे पाचव्या वर्षी १ कोटी ३३ लाख, आठ टक्क्यांनी साडेसत्तर लाख. फरक सुमारे ६३ लाखांचा.

माल, पॅकिंग, गाडीभाडं जाऊन तुमच्या हाती ३० टक्के राहतात, म्हणजे १४.४ लाख. कामाला येणाऱ्या बायकांचे पगार, भाडं, वीज ९ लाख. उरले ५.४ लाख, ज्याला शीट 'नफा' म्हणते. तुमचा आणि जाऊबाईंचा पगार कुठल्या ओळीत आहे? कुठेच नाही. सकाळी सातपासून भाजणीच्या कढईपुढे उभ्या असणाऱ्या दोघींना २० हजारांप्रमाणे धरलं तरी ४.८ लाख होतात. धंद्याचा खरा नफा वर्षाला ६० हजार.

मशीन आलं की दळणावळ वाचेल, मार्जिन, म्हणजे हाती राहणारे ते ३० टक्के, ३४ टक्क्यांवर जाईल, हे मान्य. पण हप्ता महिना साडेत्रेचाळीस हजार, म्हणजे वर्षाला ५.२ लाख. गाळ्याचं भाडं २.४, ऑपरेटर आणि जादा वीज १.८. जुना ९ लाखांचा खर्च आणि तुमचे पगार मिळवून २३.२ लाख. त्यासाठी विक्री हवी ६८ लाख. आठ टक्के वाढीने ती पाचव्या वर्षी येते. तोवरच्या चार वर्षांत साडेतेरा लाखांच्या आसपास खड्डा. दोघींनी पगार घेतला नाही तर मात्र पहिल्या वर्षी फक्त ८० हजार कमी पडतात आणि दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते. थोडक्यात, हे कर्ज मशीन फेडणार नाही, तुम्ही दोघी फुकट राबून फेडणार आहात. जाऊबाईंना हे सांगितलंय का?

उधारीचीही ओळ नाही. दुकानदार ६० दिवसांनी पैसे देतात म्हणता, म्हणजे आजच आठेक लाख बाहेर अडकलेत. शीटमधली विक्री खरंच झाली तर २२ लाख अडकतील. ते १४ लाख जास्तीचे कुठून येणार? उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. निदान मोठ्या दुकानांना हे बिलावर छापून दाखवा. शिवाय शीटने विक्री बाराने भागलीय. लाडू थंडीत खपतात, वर्षाचं धान्य तुम्ही उन्हाळ्यात भरता आणि हप्ता दर महिन्याला जाणार. मे महिन्यात काय कराल?

पॉलिसीबद्दल. 'ही घेतलीत तर कर्ज लवकर होईल' असं बँकेतल्या माणसाने सांगितलं. वर्षाला १.२ लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी २४ लाख. ऐकायला दुप्पट, प्रत्यक्षात वर्षाला साडेचार टक्के परतावा. तुमच्या एफडीपेक्षाही कमी! शीटमध्ये तिला १२ टक्के कुणी लावले, ते विचारायचंही मला धाडस होत नाही. 'कर्जासाठी पॉलिसी सक्तीची आहे' असं लेखी मागा, अट आपोआप गळून पडते. सही झालेली नाही, ती करू नका. कर्ज पुढे काढलंच तर तेवढ्या रकमेचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा, पुरेल.

नवी शीट स्वतः करा, एका पानाची, महिनेवार. वर तीनच आकडे बदलता येतील असे ठेवा: विक्रीवाढ, मार्जिन, उधारीचे दिवस. पगार पहिल्या ओळीत. मग विक्री वीस टक्के कमी करून बघा, उधारी ९० दिवस करून बघा, आणि कुठल्या महिन्यात बँकेतली शिल्लक उणे जाते त्यावर बोट ठेवा. ऑर्डर खरंच परत पाठवाव्या लागत असतील, तर आधी बाहेरच्या गिरणीत दुसरी पाळी लावून ६८ लाखांच्या दिशेने किती जाता येतं ते एक दिवाळी पाहा. तुमच्या पत्रात परत पाठवलेल्या एकाही ऑर्डरचा उल्लेख नाही.