फोल्डर चढवताना ‘कॉपी’ वापरा, ‘सिंक’ नव्हे

सीताबर्डीवरील आपल्या स्टुडिओतील लग्नांचे फोल्डर ब्राउझरमधून गूगल ड्राइव्हवर चढवताना वीज गेली, की काय चढले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही, असे आपण लिहिले आहे. या कामासाठी आरक्लोन हे मोफत, मुक्तस्रोत साधन वापरावे. त्यातील ‘कॉन्फिग’ या आज्ञेने एकदा खाते जोडले, की पुढचे काम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून होते.

फोल्डर पाठवण्यासाठी ‘कॉपी’ हीच आज्ञा द्यावी. ‘सिंक’ ड्राइव्हवरील फोल्डर हुबेहूब संगणकावरील फोल्डरसारखा करते. त्यामुळे डिस्कवर जागा करण्यासाठी आपण जुनी छायाचित्रे काढली असतील, तर ड्राइव्हवरील प्रतीही कचरापेटीत जातात. स्टुडिओच्या संग्रहासाठी ती मुळीच सोयीची नाही.

‘कॉपी’चीही एक खोड आहे. ती फोल्डर नव्हे, तर त्याच्या आतील फाइली पाठवते. ‘साखरपुडा’ हा फोल्डर नुसता ‘ड्राइव्ह:लग्ने’ या पत्त्यावर (‘ड्राइव्ह’ हे जोडलेल्या खात्याला दिलेले नाव) पाठवला, तर सर्व छायाचित्रे ‘लग्ने’मध्ये उघडीच पसरतात आणि दुसऱ्या समारंभात कॅमेऱ्याने तेच क्रमांक पुन्हा दिले असतील, तर नवी फाइल जुनीवर लिहिली जाते. म्हणून ‘ड्राइव्ह:लग्ने/साखरपुडा’ असा पूर्ण पत्ता द्यावा आणि आधी ‘ड्राय-रन’ हा पर्याय जोडून, काहीही न पाठवता, कोणत्या फाइली जाणार आहेत ते पाहून घ्यावे.

वीज गेल्यास तीच आज्ञा पुन्हा द्यावी. आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाइली वगळल्या जातात. अर्धवट राहिलेली फाइल मात्र पहिल्यापासून चढते, त्यामुळे लांबलचक चित्रफिती रात्रीसाठी ठेवलेल्या बऱ्या. दिवसा दुकानातील इतर कामे अडू नयेत म्हणून ‘बीडब्ल्यूलिमिट’ या पर्यायाने वेग आवरता येतो, पण तेथील १ एम म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, इंटरनेटच्या जाहिरातीतील मेगाबिट नव्हे, म्हणजे आपल्या जोडणीच्या हिशेबाने सुमारे ८ मेगाबिट. ड्राइव्हवर दिवसाला ७५० जीबीची मर्यादा आहे, तिथवर आपण बहुधा पोहोचणार नाही. त्याउलट हजारो लहान फाइली सेकंदाला जेमतेम दोनच्या गतीने सरकतात. लघुप्रतिमांचे फोल्डर आधी झिप करून पाठवावेत.

मेमरी कार्ड रिकामे करण्यापूर्वी ‘चेक’ ही आज्ञा संगणकावरील आणि ड्राइव्हवरील त्याच दोन पत्त्यांसह चालवावी. ती दोन्हीकडील आकार आणि एमडी५ ठसे (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) ताडून पाहते. एकाही फाइलमध्ये फरक दिसला, तर कार्ड तसेच राहू द्यावे आणि ‘कॉपी’ पुन्हा चालवावी.