याकोब-एसाव वाचताना घाई नको
बायबलमधलं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, पहिल्यांदाच हाती घेतलंय ना? मग जुळ्या भावांतला धाकटा याकोब लबाड आणि थोरला एसाव भोळा, असा निकाल लगेच देऊन टाकू नका. आधी आईबापांकडे बघा. 25व्या अध्यायात सरळ लिहिलंय: बाप इसहाकाचा जीव एसावावर, आई रिबकेचा याकोबावर. भांडणाचं मूळ तिथंच आहे. 27व्या अध्यायात थोरल्याचा आशीर्वाद मिळवायला याकोब एसाव बनून येतो आणि दृष्टी गेलेला बाप त्याचे हात चाचपतो. एसाव केसाळ, म्हणून त्या हातांवर रिबकेनं करडांची कातडी चढवलेली. आवाज याकोबाचा, हात एसावाचे! हा प्रसंग सावकाश वाचा, मला तो आजही हलवून सोडतो. पुढे याकोबाचा मामा लाबान लग्नात आपल्या धाकट्या मुलीऐवजी, राहेलीऐवजी, थोरली लेआ त्याच्या गळ्यात बांधतो आणि वर म्हणतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. थोरल्याचा आशीर्वाद लाटणाऱ्याला हे ऐकावं लागतं! आणि 33वा अध्याय चुकवू नका. तिथे एसाव धावत येऊन भावाच्या गळ्यात पडतो.