प्रश्न तुमचे: ‘आनंद करा’ म्हणजे नक्की काय करू?

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. दीड वर्षापूर्वी मिस्टरांना स्ट्रोक आला, उजवी बाजू अजून नीट चालत नाही, बोलणंही अडखळत. त्यांची नोकरी गेली, घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. चर्चच्या मंडळीतले लोक प्रेमळ आहेत पण सारखं म्हणतात, पॉझिटिव्ह राहा, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून तू रडतेस. त्यामुळे रडले की अपराधी वाटतं, आणि परवा मुलीच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसले तर तेव्हाही अपराधीच वाटलं, ते तिकडे बेडवर आणि मी इकडे हसतेय म्हणून. बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. ताई, म्हणजे मी नक्की काय करू?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझेही डोळे भरले, म्हणून आधी रडण्याबद्दलच बोलते. रडण्याचा आणि विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला मेलेल्यातून उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी रडला! पुढे काय होणार ते माहीत असूनही त्यानं लाजराच्या बहिणीचं, मरीयेचं, आणि त्या लोकांचं दुःख आपलं मानलं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर त्यानं शिष्यांना सरळ सांगितलं की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. आता सांगा, त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

स्तोत्रसंहिता उघडून बघा. तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतो, हे परमेश्वरा, कुठवर? मला कायमचा विसरणार का? आणि 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यसुद्धा नाही. देवानं ते स्तोत्र पवित्र शास्त्रात राहू दिलंय, खोडून टाकलेलं नाही. मला याचा फार आधार वाटतो.

आता पौलाचं. ‘सर्वदा आनंद करा’ हे ज्यात आहे ते पत्र त्यानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, फिलिप्पैकरांना, लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता, सुटका होईल की मरण येईल तेही ठाऊक नव्हतं, ते त्यानं पहिल्याच अध्यायात लिहिलंय. पत्र जेमतेम चार अध्यायांचं, पण त्यात आनंद, आनंद करा, असे शब्द डझनभरापेक्षा जास्त वेळा येतात. आपण तेवढेच वाचतो. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी एपफ्रदीत याच्या आजारपणाबद्दल तो काय लिहितो बघा, तो मरायला टेकला होता पण देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे ‘सर्वदा आनंद करा’ लिहिणाऱ्या माणसाच्या मनात त्याच वेळी दुःखही होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही. दोन्ही एकाच पत्रात आहेत, तर तुमच्या एकाच दिवसात दोन्ही का नसावीत? तुम्ही हसलात ते मिस्टरांशी दगा करून हसला नाहीत. खरं सांगू का, बेडवर पडलेल्या माणसाला घरात कुणाचं तरी हसू ऐकू येणं किती गरजेचं असतं, एकदा त्यांनाच विचारून बघा.

मला त्या पत्रातलं सगळ्यात धीराचं वाक्य चौथ्या अध्यायातलं वाटतं. पौल म्हणतो, कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो! म्हणजे आधी येत नव्हतं, आणि कुणी डोक्यावर हात ठेवला नि एका रात्रीत आलं असंही नाही. फिलिप्पै शहरातच त्याला आणि त्याचा सोबती सीला याला छड्यांनी मारून आतल्या कोठडीत टाकलं होतं, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत गीतं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. आपण ती गोष्ट सांगताना घाईघाईनं भूकंपावर येतो, दारं उघडली, बेड्या सुटल्या वगैरे. पण गाणं भूकंपाच्या आधीचं आहे. गायले तेव्हा पाठीवर जखमा ताज्या होत्या आणि सकाळी काय होणार ते दोघांनाही माहीत नव्हतं.

लोक तुम्हाला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात ना, तो आशावाद निवडणं म्हणजे माझ्या मते इतकंच आहे. ‘सगळं ठीक होईल’ असं मी तुम्हाला लिहिणार नाही कारण मिस्टरांचा हात पूर्ण बरा होईल की नाही हे मला माहीत नाही, डॉक्टरही कदाचित सांगू शकत नसतील. ख्रिस्ती माणसाची आशा रिपोर्टवर टांगलेली नाही, ती मेलेल्यातून उठलेल्या एका व्यक्तीवर आहे. म्हणून रिपोर्ट वाईट आला तर रडायचं, चांगला आला तर आभार मानायचे आणि दोन्ही वेळी तोंड त्याच्याकडेच वळवायचं. भावना आपल्या हातात नसते पण तोंड कुणीकडे वळवायचं ते बरंचसं आपल्या हातात असतं. हबक्कूक संदेष्टा काय म्हणतो बघा, अंजिराला फळ नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, एकेक करून सगळा तोटा मोजतो, आणि मगच म्हणतो ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन’. मोजल्याशिवाय त्याच्या त्या ‘तरी’ला वजन आलं नसतं.

माझंच सांगते. माझी आई गेली त्यानंतर काही महिन्यांनी एका प्रार्थनासभेत एका बाईंनी मला सांगितलं की आई गेली म्हणून देवाचे आभार मान. मी घरी येऊन बायबल बंदच करून ठेवलं, बरेच दिवस. मग कधीतरी 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, तिथे लिहिलंय सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. स्थिती‘त’. स्थिती‘बद्दल’ नाही. एका अक्षरानं माझा श्वास मोकळा झाला. आईच्या मरणाबद्दल मी आजही आभार मानत नाही, बायबल स्वतःच मरणाला शत्रू म्हणतं. पण त्या दिवसांत शेजारची एक मुलगी रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता माझ्याजवळ बसायची, तिच्याबद्दल मी आभार मानले आणि तिथूनच मला पुन्हा प्रार्थना करता यायला लागली.

तर तुम्ही काय करायचं? रोज रात्री झोपायच्या आधी दोन वाक्यं देवाला मोठ्यानं बोला, एक तक्रारीचं आणि एक उपकाराचं, दोन्ही खरी असली पाहिजेत, उपकाराचं वाक्य कितीही छोटं असलं तरी चालेल, आज त्यांनी माझं नाव स्पष्ट उच्चारलं एवढंसुद्धा. जमलं तर मिस्टरांना बरोबर घेऊन. एखाद्या दिवशी उपकाराचं सुचलंच नाही तर तक्रारीचं सांगून झोपा, तीही प्रार्थनाच आहे. आणि मंडळीतल्या त्या प्रेमळ लोकांना कामाला लावा हो! कुणीतरी आठवड्यातून एक दुपार मिस्टरांजवळ बसावं म्हणजे तुम्हाला झोपता येईल. एकमेकांची ओझी वाहा हे वचन त्यांनाही लागू आहे, मागायला अजिबात लाजू नका.

प्रश्न: मी सत्तावीस वर्षांचा आहे. प्रार्थना करतो, वचन वाचतो, पण आत काहीच हलत नाही. रात्र रात्र झोप नाही, कधीकधी वाटतं सकाळ होऊच नये. एक मित्र म्हणतो मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, पण औषधं घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नाही का?

उत्तर: नाही. आणि भावा, हे उत्तर वाचून झालं की आजच त्या मित्राला फोन कर आणि ‘सकाळ होऊच नये असं वाटतं’ हे त्याला याच शब्दांत सांग. मरणाचे विचार जोर धरायला लागले तर एकटा राहू नकोस, सरळ जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा, मित्राला सोबत घेऊन.

बायबलमधलं 1 राजे 19 वाच. कर्मेल डोंगरावर देवाचा एवढा मोठा विजय बघितलेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा पुरे झालं, आता माझा जीव घे. देवानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं, मग दूताला पाठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं आणि म्हटलं की वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. त्याच्याशी बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. आधी शरीर. पौलानंसुद्धा करिंथकरांना लिहिलंय की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. डिप्रेशन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, उपचार घेत असताना प्रार्थना चालू ठेव, आणि सध्या काही जाणवत नसेल तर नसू दे, तुझ्या वतीनं प्रार्थना करणारे आम्ही आहोत.

प्रश्न: मैत्रिणीचं बाळ गेलं. तिला भेटायला जायचंय पण काय बोलू तेच समजत नाही. कुठलं वचन सांगू?

उत्तर: लगेच कुठलंच नको. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली, सगळं गेलं, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत सगळं बरोबर होतं, बोलायला लागले आणि चुकले. यिर्मया 29:11 सुद्धा आत्ता पाठवू नकोस. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन बाबेलात बंदिवासात असलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याच्या वरच्याच ओळीत सत्तर वर्षांची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात ते कुणाला झेपणार? शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा एवढंच रोमकरांच्या पत्रात म्हटलंय. जा, तिच्याजवळ बस, बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घेऊन बोल, बाकीचे लोक ते नाव घ्यायला घाबरतात. आणि दोन महिन्यांनी, सगळे यायचे थांबतील ना, तेव्हा परत जा.