सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वहिनीला 33व्या आठवड्यात मुलगा झाला, वजन 1650 ग्रॅम. तिसरा दिवस आहे, बाळ काचेच्या पेटीत, नाकाला नळी, आणि घरी मोठी माणसं ‘आठव्यातलं राहत नाही’ म्हणून आत्ताच डोळे पुसताहेत.

नाही, हे खरं नाही. मी 14 वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो. 33चं बाळ 29च्या बाळापेक्षा नेहमीच बरं. ही समजूत आपलीच आहे असंही नाही, जुन्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती सापडते. आपल्याकडे ती टिकली कशी, याचा माझा एक अंदाज आहे: लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेली तीन-तीन किलोची ‘सातमाशी’ बाळं पूर्वीही असायचीच. ती जगणारच की!

खरा प्रश्न फुप्फुसांचा असतो. आतले बारीक फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक साबणासारखा पदार्थ लागतो, सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. 1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला, वजन 2100 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या बाळापेक्षा जास्तच. 39 तासांत गेला. नाकातून हवेचा सौम्य दाब देणारं सीपॅप 1971मध्ये आलं, सर्फॅक्टंट बाळांना देऊन यश मिळालं ते 1980मध्ये, जपानात. तुमच्या बाळाच्या नाकाला जी नळी आहे ती बहुतेक सीपॅपचीच असेल; डॉक्टरांना विचारून घ्या.

मॉनिटर वाजला की काळजात धस्स होतं, माहीत आहे. कमी दिवसांची बाळं मधेच श्वास घ्यायला चक्क विसरतात. आम्ही तळपायाला हलकी टिचकी मारतो, बाळ दचकतं आणि परत सुरू होतं. त्यासाठी कॅफीनचं औषधही देतात. हो, आपल्या चहा-कॉफीतलंच.

आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी वहिनीला एनआयसीयूपर्यंत आणा. ‘बाळंतिणीला वारं लागेल, आत एसी असतो’ म्हणून तिला खोलीत झोपवून ठेवतात आणि दारात आजी, मावशी, काका उभे. उलट व्हायला हवं. कानाला स्कार्फ बांधा, पायात मोजे घाला, पण आणा.

तिचं दूध हवंय आम्हाला. पहिल्या दिवसांत हाताने पिळून दोन-तीन मिलीच चीक निघतो, पिवळा, घट्ट. वाटीच्या तळालाही पुरत नाही. ते बघून बायका रडतात आणि सासूबाई म्हणतात, ‘हिला दूधच नाही, डबा आणा.’ अहो, बाळाला एका वेळी तेवढंच लागतं! आम्ही ते सिरिंजमध्ये ओढून पोटात गेलेल्या नळीतून हळूहळू सोडतो, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ 34व्या आठवड्याच्या आसपास बसतो. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिळत राहिलं की दूध वाढतं. आईच्या दुधावरच्या बाळांची आतडी सुजून सडण्याचा धोका डब्याच्या दुधापेक्षा कमी असतो. अगदीच नाही आलं तर जवळ ह्यूमन मिल्क बँक आहे का विचारा. आशियातली पहिली आपल्या मुंबईतच, सायन हॉस्पिटलात 1989मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मधाचं बोट, गुटी, काहीही चोरून द्यायचं नाही. आमच्या हे लगेच लक्षात येतं.

दुसरं, कांगारू केअर. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं. 1978मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायच्या, तिथे हे सुरू झालं. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की वजन वाढायची वाट न बघता शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाला 8 तास तरी. सीपॅपवरच्या बाळालाही देता येतं.

एक गोष्ट डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाते: डोळे. 34 आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोखालच्या बाळाचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायलाच हवा. बाहेरून डोळा चांगला दिसतो, म्हणून लोक टाळतात आणि मग उशीर होतो. कार्डावर तारीख लिहून घ्या.

घरी कधी, ते डॉक्टरही तारखेने सांगणार नाहीत. तोंडाने दूध पिऊ लागलं, वजन रोज वाढू लागलं, पेटीबाहेर अंग गरम राहिलं आणि काही दिवस श्वास विसरला नाही की सोडतात. तोवर वहिनी दमेल, तेव्हा बाळाचे बाबाही छातीवर घेऊ शकतात. तुमच्या दादाला सांगा, उद्या अंघोळ करून, अंगठी-घड्याळ काढून, पुढून बटणं असलेला शर्ट घालून या.